आखाजीचा झोका आणि वहिनीची डिस्क

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीनं कामाला हात लावायचा नाही, हा आमच्या खानदेशातला कायदा. सासरी वर्षभर राबायचं, पण आखाजीला माहेरी यायचं, निंबाच्या झोक्यावर बसायचं, आमरस-पुरणपोळी खायची आणि गळा दुखेस्तोवर गाणी म्हणायची. माझं सासर धुळ्याचं. तिथल्याच एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी नोकरी करते. माहेर धरणगावजवळच्या खेड्यात. आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली. जळगावला मेहरूणमध्ये खोली घेऊन शिकले, हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. पण मायच्या कायद्यात बी.एस्सी.ला सूट नाही. लेक ती लेक, झोक्यावर बस.

त्या वर्षी मात्र वहिनीचं मोठं काम अडलं होतं.

वहिनी रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली. बारावी आणि कॉम्प्युटरचा कोर्स करून आमच्याकडे आली. आली तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच: गावातल्या पोरी-बायांसाठी क्लास काढायचा. जळगावच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून तिनं सहा जुने कॉम्प्युटर उचलून आणले. प्रश्न होता जागेचा. घराची पुढची खोली आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दिवाळीत तिथं कापूस, उन्हाळ्यात खताच्या गोण्या. सुनेनं मागितली तेव्हा आबा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "आखाजीना मुहूर्त शे. त्या दिवशी संध्याकायलोंग चालू व्हयना ते खोली तुन्ही. नही व्हयना ते मन्ह्या गोण्या परत येतीन."

वहिनीनं लगेच आखाजीच्या संध्याकाळसाठी गावातल्या बायांना चहाला बोलावून टाकलं. ती तशीच आहे. आधी आमंत्रण, मग तयारी.

सहा कॉम्प्युटर, सहाही वेगवेगळ्या वयाचे. त्यातले दोन तर इतके म्हातारे की पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत, त्यांना डिस्कच लागते. म्हणून मी धुळ्याहूनच फोनवर तोड काढून दिली होती. एकाच डीव्हीडीवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम घ्यायच्या: म्हाताऱ्यांसाठी हलकी, बाकीच्यांसाठी मोठी. दोन्ही फुकट मिळणाऱ्या. डिस्क टाकली की पडद्यावर मेनू येतो, हवी ती निवडायची. लॅबमध्ये अशा डिस्क मी कितीदा केल्यात. सगळ्या फाइली तिच्या लॅपटॉपवर पाठवल्या, डिस्क लिहायची कृती सांगितली आणि आखाजीला निर्धास्त माहेरी आले.

दुपारी जेवणं झाली. मी झोक्यावर. समोरच पुढच्या खोलीची खिडकी, आणि खिडकीत वहिनीचं घामाघूम तोंड.

"ताई, सिस्टीम सापडत नाही म्हणतंय!"

"फाइली तशाच उचलून डिस्कवर टाकल्यास का?"

"मग कशा टाकायच्या?"

"आधी त्यांची बूट होणारी इमेज बनव, मग ती डिस्कवर लिही. नुसत्या फाइली टाकल्या तर कॉम्प्युटरला कळतच नाही सुरुवात कुठून करायची."

तोंड खिडकीतून गेलं. मी एक झोका उंच घेतला. शेजारच्या बाया गाणं म्हणत होत्या, त्यांच्यात दोन कडवी म्हणून झाली, तोवर तोंड परत आलं.

"आता काहीच म्हणत नाही. काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय."

हे मला बरं वाटलं. रेघ लुकलुकते म्हणजे डिस्क जागी झाली, मेनू तेवढा अडला. मी सांगितलं, लिहिण्याचा वेग कमी ठेव, जुन्या ड्राइव्हना घाईत लिहिलेलं वाचता येत नाही. तिनं अगदी सावकाश लिहून दुसरी डिस्क केली. काळा पडदा, लुकलुकती रेघ. मी सांगितलं, मेनूची फाईल बरोबर फोल्डरमध्ये आहे का बघ. होती. तरी पुन्हा एक डिस्क. पुन्हा रेघ.

बिघडलेल्या डिस्क माय एकेक करून घेऊन जायची. भोकात सुतळी ओवून गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर टांगायची. उन्हात त्या अशा चमकत की चिमणी फिरकत नव्हती. थोड्या वेळानं गच्चीवरूनच ओरडली, "आखो एक बिघाड ना वं! ह्या कोपरामा चिमण्या येतस!"

वहिनीला हसू आलं, पण तिचे डोळे भरलेले मला झोक्यावरून दिसले. ओसरीवर आबा बसले होते. गोण्या अंगणात, ताडपत्रीखाली. ताडपत्रीकडे दोनदा बघितलं त्यांनी.

"वहिनी, मेनूची फाईल उघड आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच."

तिनं वाचली. एकेक शब्द, एकेक आकडा. गाणाऱ्या बायासुद्धा गाणं थांबवून ऐकत होत्या. एकही चूक नाही. माझीच फाईल, माझ्याकडे चालते, हिच्याकडे का नाही?

मी झोक्यावरून उतरले.

माय जिन्यातच होती. "तू कसाले उठनी? बस ना!"

"माय, काम नाही करत. नुसतं बघते."

"देखानं बी कामच शे. आखाजीले लेक राबी राहिनी, लोके काय म्हनतीन?"

लोक काय म्हणतील ते म्हणोत, मी खोलीत शिरले आणि वहिनीच्या लॅपटॉपसमोर उभी राहिले. फाईल उघडीच होती. सगळ्यात वर, बरोबर मध्यभागी, दोन उभ्या दंडांच्या मधे लिहिलेलं: श्री.

"हे काय?"

"श्री," वहिनी म्हणाली.

"मग वाचलं का नाहीस? पहिल्या ओळीपासून सांगितलं होतं ना!"

"श्री काय वाचायचा असतो का ताई? तो असतोच."

मला इतकं हसू फुटलं की मी खाली फरशीवरच बसले. खरंच होतं तिचं. लग्नपत्रिका असो, परीक्षेचा पेपर असो, वर श्री लिहायचा आणि मग सुरुवात करायची. त्याला ओळ म्हणून कोण मोजतं? मी पाठवलेल्या फाइलीत क्लासचं नाव घालताना, शुभ काम म्हणून, तिनं वर श्री लिहिला होता. पण साध्या इंग्रजी फाइलीत मराठी अक्षर आलं, तेव्हा कॉम्प्युटरनं विचारलं, असंच सेव्ह केलं तर हे अक्षर टिकणार नाही, काय करू? श्री पुसायचा म्हणजे काय! तिनं तो टिकेल असा दुसरा प्रकार निवडला. त्या एका अक्षरासाठी सगळी फाईल आतून वेगळ्याच तऱ्हेनं लिहिली गेली. माणसाला दिसायला तीच, पण डिस्क सुरू करणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅमला तिच्यातलं अक्षर कळेना.

"श्री काढ, आणि पुन्हा साध्या प्रकारात सेव्ह कर. झालं."

दारात आबा. हसणं ऐकून आले होते.

"श्री पुसशी? आज?"

आता आली का पंचाईत! वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे. त्यांना युनिकोड सांगण्यात अर्थ नव्हता.

"आबा, पुसत नाही. त्याला अक्षर वाचता येत नाही, पण चित्र दाखवता येतं. मेनूच्या मागं चित्र लावायची सोय आहे. श्री चित्रात घेऊ. मोठा दिसेल उलट."

आबांनी विचार केला. "लाल रंगमा?"

"लालच!" वहिनी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसलीच.

श्रीचं चित्र तिनं काढलं, फाईल मी सेव्ह केली. हो, हात लावला मी. दारात माय कपाळाला हात लावून उभी. डिस्क लिहून झाली, वहिनीनं पहिल्या कॉम्प्युटरमध्ये टाकली. पडदा काळा झाला. मग एकदम लाल श्री, खाली वहिनीच्या क्लासचं नाव, त्याखाली दोन ओळी: कोणती सिस्टीम सुरू करायची?

वहिनी किंचाळली. अंगणातल्या बाया झोका सोडून खिडकीशी आल्या.

दोन म्हाताऱ्यांपैकी एकावर मोठी सिस्टीम चालेना, "हा प्रोसेसर जुना आहे" असं तोंडावर सांगितलं त्यानं. खालची हलकी निवडली, तर कुरकुरत का होईना उठला. शेवटच्याचा ड्राइव्हच उघडेना. वहिनीनं केसातली पिन काढून त्याच्या बारक्या भोकात घातली, ट्रे बाहेर. माय तेवढी गच्चीकडे बघत म्हणाली, "आते एकबी बिघडनी नही. मन्हा कोपरा तसाच ऱ्हायना."

ऊन उतरल्यावर बाया आल्या. नवी लुगडी, हातांवर ताजी मेंदी, आणि कीबोर्डला बोट लावताना अशी भीती की चटका बसेल. एकीनं आपलं नाव टाइप केलं आणि बाकीच्यांना ढकलून ढकलून दाखवलं. आबा बाहेरून हे सगळं बघत होते. मग सवयीनं सरळ आत निघाले, शेतातल्या वहाणांसकट, आयुष्यभर त्या खोलीत जात होते तसे.

"आबा," वहिनी म्हणाली, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "वहाणा बाहेर. धूळ जाते कॉम्प्युटरमध्ये."

सगळ्या बायांच्या माना दाराकडे वळल्या. सासऱ्याला, त्याच्याच खोलीच्या दारात!

आबा थांबले. खाली बघितलं. एक वहाण काढली, मग दुसरी, बायांच्या चपलांच्या रांगेत नीट लावून ठेवल्या आणि आत येऊन मागच्या भिंतीशी उभे राहिले.

"शिकाड बाई," म्हणाले. "गोण्या मी गोठामा टाकस."