सुपातली अक्षरं

बिरसीच्या केशोराव गुरुजींनी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणजे खरं तर घोकून घेतलं. "सी ए टी, कॅट" हा गलका पार धानाच्या बांध्यांपर्यंत जायचा. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा एका प्रशिक्षणात त्यांना कळलं, की अक्षराला नावाशिवाय आवाजही असतो आणि आवाजाला आवाज जोडला की पोरं कधी न पाहिलेला शब्दही वाचतात. भला माणूस त्या दिवशी जेवला नाही. इतक्या पोरांना आपण नुसती नावंच पाठ करायला लावली, हे त्यांना फार लागलं.

निवृत्तीनंतर त्यांनी घरच्या छपरीत, म्हणजे पडवीत, फुकट शिकवणी काढली. सुपात तांदूळ पसरायचे, तोंडानं आवाज काढत बोटानं अक्षर गिरवायचं, चुकलं की सूप हलवायचं. एके काळी अठरा पोरं दाटीवाटीनं बसत. काय दिवस होते ते. मग गोंदियाच्या कॉन्व्हेंटची गाडी गावात येऊ लागली, आणि यंदा उरली एकटी आचल.

तीही जाणार होती. शनिवारी तिची प्रवेश परीक्षा होती. दोन स्वर शेजारी आले की बहुतेकदा पहिला बोलतो, दुसरा गप्प बसतो, एवढा एकच नियम शिकवायचा राहिला होता. गुरुजींच्या मनात पाप आलं. नापास झाली तर आणखी वर्षभर आपल्याकडेच येईल. दोन दिवस त्यांनी जुनंच गिरवून घेतलं.

गुरुवारी आचलला न्यायला तिची आई रुख्मा आली, उन्हाळी धानाच्या रोवण्यावरून, म्हणजे लावणीवरून थेट, चिखलाच्या पायांनी. रुख्माही गुरुजींचीच विद्यार्थिनी. दहावीला इंग्रजीत नापास झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच.

"आचल होईन का जी पास?" तिनं विचारलं. "माह्यावानी नोको होवाले."

गुरुजींना मान वर करवेना. "बस जरा," ते म्हणाले, आणि तिच्या देखतच राहिलेला नियम शिकवायला घेतला. दिवेलागण झाली तरी उठले नाहीत.

आचल पास झाली. रुख्मा पेढे घेऊन आली, म्हणाली, "सोमवारपासून आचल येनार नाही गुरुजी."

"छान झालं," गुरुजी म्हणाले. रिकाम्या छपरीकडे बघत त्यांनी सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

रुख्मा काही उठेना. पदराशी चाळा करत म्हणाली, "घरी तिचा अभ्यास घेवाले कोनी नाही. त्या दिशी तुमी शिकवून राहिले होते, तवा मलेबी समजून राहिलं होतं. आता रोवना सपला. मी येऊ का उद्यापासून?"

"उद्या कायले?" गुरुजी म्हणाले. "आत्ताच बस."