ड्वेन यानोसिकची पहिली निवड

ड्वेन यानोसिकला मी तो शेंबडा होता तेव्हापासून ओळखते, त्यामुळे त्याच्या अकलेबद्दल बोलायचा मला पुरेपूर हक्क आहे. आमच्या कटलर्स रन गावातल्या बाकीच्यांनाही आहे, पण ते त्याच्या पाठीमागे बोलतात आणि मी तोंडावर बोलते. मैदानाच्या कुंपणाला लागून माझी हॉटडॉगची टपरी आहे. कोच म्हणवणारे सगळे बाप्ये सामन्यानंतर तिथंच येऊन रडतात, म्हणून कुणाचं कुठं काय दुखतंय ते मला बरोबर ठाऊक असतं.

हा ड्वेन दिवसभर लोकांच्या तळघरांत उतरून घरं गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करतो. ते काम त्याला चांगलं येतं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी मात्र तो टोपी घालून बेसबॉलचा कोच होतो आणि मग त्याच्या डोक्यात वारं शिरतं. अकरा-बारा वर्षांची पोरं ती. त्यातल्या निम्म्यांच्या बुटांच्या नाड्या मी बांधते. पण ड्वेन त्यांच्याबद्दल असा बोलतो, जणू कोट्यवधींचा सौदा ठरायचाय.

त्याचं एकच पालुपद. "नदीन, पिचर म्हणजे राजा. चेंडू त्याच्या हातात. बॅटवाल्याचं काय घेऊन बसलीस? भला मोठा फटकेबाज असला तरी दहातल्या सात वेळा मान खाली घालून परत येतो."

"आणि तुझ्या राजाला पंच्याऐंशी चेंडू टाकले की चार दिवस घरी बसवावं लागतं, त्याचं काय?" मी विचारायचे. पोरांचे खांदे निखळू नयेत म्हणून तसा नियमच आहे. "फटकेबाज निदान रोज तरी खेळतो."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

नसेल कळत. पण दरवर्षी संघांमध्ये पोरांची वाटणी झाली की याच्या वाट्याला आलेला राजा काही धड टिकायचा नाही, एवढं मला कळत होतं. एक जण हिवाळ्यात ताडमाड वाढला आणि आपला हात कुठं संपतो तेच त्याला कळेना. एकाला भर हंगामात तुतारीचा नाद लागला. एकाचे आईबाप बिऱ्हाड उचलून ओहायोला गेले. दरवेळी ड्वेन म्हणायचा, नशीब फुटकं. नशिबाला काय, ते बिचारं उलटून बोलत नाही.

आता या सगळ्यात त्याचा मुलगा एमेट कुठं येतो ते सांगते, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. ड्वेन आणि क्रिस्टा वेगळे झाले तेव्हा पोरगं आईकडे गेलं. बापाकडे एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी. पण क्रिस्टा मनानं चांगली. ती म्हणाली, तू त्याचा कोच आहेस तोवर सरावाच्या संध्याकाळी आणि शनिवारचा सामना तुझा, घेऊन जा, जेवू घाल, रात्री आणून सोड. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. बापलेकांचं जे काही उरलं होतं ते एवढंच. आणि एमेटला बारावं लागलं होतं, म्हणजे आमच्या छोट्या मैदानावरचं हे त्याचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मोठं मैदान, दुसरे कोच.

आमच्याकडे वाटणी मार्चमध्ये होते, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार चालू असतात, मटण बंद आणि मासे चालतात, त्यामुळे हॉलला तळलेल्या माशांचा वास असतो. सहा कोच टेबलाभोवती बसतात, उरलेल्या पिएरोग्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खातात आणि एकेक फेरीत एकेक पोर उचलतात. मधे मी बसते, कारण मी नसले तर ते एकमेकांच्या नरड्याला धरतील. कोचच्या स्वतःच्या पोराचा नियम साधा आहे. सुरुवातीला मी विचारते, "आपलं पोर कुणाला हवंय?" ज्याला हवं त्यानं हात वर करायचा. पोर त्याचं. मात्र बदल्यात त्याची दुसऱ्या फेरीतली निवड जाते, मग पोर कसंही खेळो. हात वर केला नाही, तर ते पोर सगळ्यांसाठी मोकळं. पूर्वी लोक चाचणीच्या दिवशी आपल्या पोरांना मुद्दाम ढ बनवायचे आणि शेवटी फुकटात घ्यायचे, म्हणून हा नियम केला. माणसं किती खालच्या थराला जातात ते आम्हाला माहीत होतं. ड्वेन त्याच्याही खाली जाईल, हे माहीत नव्हतं.

त्या वर्षी पहिल्या निवडीची चिठ्ठी ड्वेनला निघाली. समोर दोन पोरं. एक ब्रेकन, पिचर, ओठांवर मिसरूड फुटू लागलेला दांडगा. दुसरा डॉमिनिक, फटकेबाज, ज्याचा चेंडू माझ्या टपरीच्या पत्र्यावर येऊन आदळतो. ड्वेनला दोन्ही हवे होते. एक पहिल्या फेरीत, दुसरा दुसऱ्या फेरीत. आणि दुसरी फेरी तर स्वतःच्या पोरावर खर्च व्हायची.

चाचणी शाळेच्या व्यायामशाळेत झाली, बाहेर बर्फ होतं. एमेट गेल्या वर्षी शॉर्टस्टॉपला उभा राहायचा, जिकडे सगळ्यात जास्त चेंडू येतात तिथे, आणि एक चेंडू सोडायचा नाही. त्या दिवशी सोपे चेंडू त्याच्या पायांमधून गेले. बॅट हातात घेऊन तो चुलीसमोर पळी धरावी तसा उभा राहिला. प्रत्येक चेंडू सुटला की तो बापाकडे बघायचा आणि बाप छताकडे बघायचा.

दारात मी पोराला गाठलं. "काय रे, बरं नाही का?"

"बरंय, मिस नदीन." तो बूट बघत राहिला. "बाबा म्हणाला, आज जरा वाईट खेळ. म्हणजे मला कुणी घेणार नाही आणि शेवटी मी त्याच्याकडेच येईन."

माझं डोकंच फिरलं. वाटणीच्या दिवशी कॉफी ओतताना मी ड्वेनला बाजूला घेतलं. "हात वर कर. पोर तुझं आहे."

"शेवटच्या फेरीत माझंच आहे. त्या चाचणीनंतर कोण हात लावतंय त्याला? आणि दुसऱ्या कोचचं पोर उचलायची आपल्याकडे पद्धत नाही."

"हात वर न करायचीही पद्धत नाही."

"याला डावपेच म्हणतात, नदीन."

मग मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आपलं पोर कुणाला हवंय?" दोन कोचांनी हात वर केले. ड्वेननं पिएरोगी तोंडात घातली. मी पुन्हा विचारलं, त्याच्याकडे बघून. तो चावत राहिला.

पहिल्या फेरीत त्यानं काय नाटक केलं. उठला, खिडकीशी गेला, कपाळ चोळलं, "पिचर की फटकेबाज" असं सगळ्यांना ऐकू येईल इतपत पुटपुटला. आम्हाला सगळ्यांना उत्तर माहीत होतं. त्यानं ब्रेकन घेतला. शेजारच्या कोचनं डोळ्याची पापणी लवायच्या आत डॉमिनिक उचलला. ज्याच्यासाठी दुसरी फेरी वाचवली होती तोच गेला. अजून वेळ होता, दुसऱ्या फेरीत शहाणपणानं आपलं पोर घ्यायचं. ड्वेन घाबरला आणि त्यानं आणखी एक पिचर घेतला. तिसऱ्या फेरीत त्या दोन पिचरांचे चेंडू झेलायला कुणीतरी हवं म्हणून एक झेलणारा घेतला.

तिसऱ्या फेरीत शेवटची होती टीना स्क्रिपेक. शाळेची बस चालवते, आवाज बसच्या भोंग्यासारखा, आणि कोच म्हणून कुणाला भीक घालत नाही.

"एमेट यानोसिक," ती म्हणाली.

ड्वेनच्या हातातला काटा खाली पडला. "टीना, तो माझा मुलगा आहे."

"असं? मग नदीननं दोनदा विचारलं तेव्हा तोंडात काय होतं?"

"पण तो... चाचणी बघितलीस ना त्याची?"

"बघितली. तो तुझ्याकडे बघत होता तेही बघितलं. मला शॉर्टस्टॉपला पोरगा हवाय, आणि गेल्या वर्षी यानंच माझ्या पोरांचे चेंडू अडवून आम्हाला हरवलं होतं."

ड्वेन सगळ्यांकडे बघून झाला. कुणी त्याच्या बाजूनं बोलेना. मग त्याचा आवाज खाली आला. "टीना, मंगळवार-गुरुवार तेवढेच भेटतो गं आम्ही."

त्या वेळी मलाही कसंसंच झालं. टीनालाही झालं असावं, कारण ती म्हणाली, "ठीक आहे. वाटणी संपेपर्यंत अदलाबदल चालते. ब्रेकन दे आणि एमेट घेऊन जा."

एवढं सोपं होतं. एका बाजूला पोटचा पोर, दुसऱ्या बाजूला मिसरूड फुटलेला कुणाचा तरी पोर, जो पंच्याऐंशी चेंडू टाकून चार दिवस घरी बसणार. आणि हा पठ्ठ्या म्हणतो काय, "एक मिनिट. मला जरा विचार करू दे."

तो खरंच विचार करत बसला. ओठ हलत होते, बोटं टेबलावर काहीतरी मोजत होती. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"दुसऱ्या पिचरवर भागेल का?" शेवटी त्यानं विचारलं.

टीनानं आपली कॉफी संपवली. "राहू दे ड्वेन. आता मलाच नको बदली."

शेवटच्या फेरीत टेबलावर एकच नाव उरलं होतं. मायलो. चेंडू येत असताना हा गवतातली पिवळी फुलं गोळा करतो. एमेटसाठी राखून ठेवलेल्या जागी ड्वेनला मायलो मिळाला.

ब्रेकननं पहिल्या शनिवारी सामना जिंकून दिला आणि नियमाप्रमाणे घरी बसला. पुढं त्याच्या आईनं त्याला बाहेरगावच्या मोठ्या संघात घातलं, मग शनिवारीही तो दिसेना. ड्वेन टपरीवर येऊन म्हणाला, नशीब फुटकं. मी त्याला हॉटडॉगवरची मोहरीची चटणी संपलीय म्हणून सांगितलं. समोर बाटली होती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दोन्ही संघांचा सराव एकदमच सुटला. एमेट हॉटडॉग घ्यायला आला. अंगात टीनाच्या संघाचा हिरवा शर्ट, गुडघ्याला माती. मागून ड्वेन आला आणि पैसे मीच देतो म्हणाला. पोरानं देऊ दिले.

"बाबा, बसमध्ये सगळे सांगत होते," एमेट म्हणाला, "की माझ्या बदल्यात टीनानं ब्रेकन मागितला होता."

ड्वेननं माझ्याकडे बघितलं. मी चिमट्यानं हॉटडॉग उलटत राहिले. त्याला वाचवायची माझी बिलकुल इच्छा नव्हती.

"हो," तो म्हणाला. "मागितला होता. मी जरा विचार करत होतो, तेवढ्यात..."

पोरगं थोडा वेळ चावत राहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"ब्रेकन खूप जोरात टाकतो," तो म्हणाला. "मी असतो तरी ब्रेकनच ठेवला असता."

मग टीनानं गाडीचा भोंगा वाजवला. क्रिस्टाच्या घरी आता तीच त्याला सोडायची. एमेटनं हॉटडॉगसाठी बापाचे आभार मानले, अगदी परक्या माणसाचे मानावेत तसे नीट, आणि पळत गेला. ड्वेन तिथंच उभा राहिला. मायलोची आई अजून आली नव्हती, आणि सगळी पोरं गेल्याशिवाय कोचला जाता येत नाही.