स्कॉटिश झोपड्यांखालचं गेट

रास अल खैमाच्या डोंगरात माझी पोस्टिंग झाली, तेव्हा फौज सुटून मला एक वर्ष झालं होतं. मी सोडली नव्हती. चार वर्षं भरल्यावर आमच्यातल्या थोड्यांना ठेवलं, बाकीच्यांना जा म्हणाले. मी बाकीच्यांतला. गावी वर्षभर माझ्यासारख्या पोरांसाठी पत्रकं लिहिली, चौकात उभं राहून वाटली. लोकांनी ती वाचली आणि त्यावर भजी खाल्ली. मग मीही दुबईचं विमान पकडलं आणि एका सिक्युरिटी कंपनीत लागलो. इथं पत्रकं वाटता येत नाहीत. म्हणून हे लिहितोय.

साइट एका रिसॉर्टची होती. मालक कधीतरी स्कॉटलंडला जाऊन आला होता. तिथं डोंगरात वाटसरूंसाठी दगडी झोपड्या असतात म्हणे. वीज नाही, खाट नाही, एक शेगडी आणि झोपायला लाकडी फळी. दार कधी बंद नसतं. कुणीही यावं, रात्र काढावी, पुढच्या माणसासाठी थोडी सुकी लाकडं ठेवून निघावं. ही सगळी माहिती रिसेप्शनला मोठ्या फोटोखाली लिहिली होती. गेस्ट त्या फोटोपुढं सेल्फी काढायचे. मग त्यांना तशाच दिसणाऱ्या केबिनचं दार उघडायला कार्ड मिळायचं. भिंती दगडासारख्या दिसणाऱ्या फोमच्या, आणि लाकडी पट्ट्यांमागे एसी. एका रात्रीचे नऊशे दिरहॅम, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर. एवढे पैसे लोक गरिबासारखं राहण्यासाठी द्यायचे.

खरी झोपडी एकच होती. आमची. केबिन बांधून उरलेल्या फळ्या आणि पत्रा वापरून गेटवर ठोकलेली. गेट होतं वादीत. वादी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा, वर्षातून एखाद्या वेळी वाहणारा. गाड्यांना वळायला सपाट जागा तिथंच होती, म्हणून बॅरिअर तिथं आणि संतरीही तिथं. त्या जागी मोबाइलला नेटवर्क नव्हतं. फक्त रेडिओ.

गेटचे इनचार्ज हवालदार शंकर धनावडे. जावळी तालुक्यातले. चोवीस वर्षं फौजेत काढून निवृत्त झालेले, मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी इकडे आलेले. कंपनीच्या लेखी ते गार्ड होते, माझ्यासारखेच. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चार वर्षंवाला का?"

"होय, उस्ताद."

"अर्धा भाजलेला. चालेल. उरलेला इथं भाजू."

त्यांनी त्या गेटला पोस्ट करून टाकलं होतं. शिफ्ट बदलताना दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. रेडिओ, टॉर्च, चाव्या हातात द्यायच्या. "पोस्ट ठीक" म्हणायचं. जाणाऱ्याला रिलीफ द्यायचा, मग त्यानं पाऊल उचलायचं. उत्तरेत एका पोस्टवर बर्फामुळे त्यांचा रिलीफ, म्हणजे जागा घेणारा माणूस, दोन दिवस आला नव्हता. ते जागचे हलले नाहीत. ही गोष्ट ते फुशारकी म्हणून सांगत नसत. जेवण वेळेवर आलं नाही, अशा सुरात सांगत. नेपाळी आणि केरळचे गार्ड आधी हसले, मग तेही टाचा जुळवायला लागले. रिसॉर्टच्या मॅनेजरला हे फार आवडलं. तो गेस्टना घेऊन यायचा, गेस्ट रील काढायचे. म्हणजे फोमच्या भिंतींबरोबर कंपनी आमची शिस्तही विकत होती. ती बांधायला तिला काही खर्च आला नव्हता.

जानेवारीतला दिवस होता तो. वर चार नंबरच्या केबिनमध्ये आदल्या दिवसापासून एक मराठी कुटुंब होतं. देशमाने. दुबईत अल कुसैसला त्यांचा मसाल्यांचा धंदा. सकाळी मी पाण्याचे कॅन घेऊन गेलो, तेव्हा देशमानेकाकू पायरीवर चहा घेत बसल्या होत्या.

"तुम्ही आर्मीतले ना? अहो, मग याला सांगा, झोपडीत कसं राहायचं असतं. कालपासून कुरकुर चाललीये."

मुलगा आतूनच म्हणाला, "Aai, it's literally a shed."

"शेड म्हणे! तुझ्या बाबांना विचार शेडचं भाडं."

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले. सरकारी इशारा. पाऊस येतोय, वाद्यांपासून लांब राहा. काकू म्हणाल्या, "आपण वर आहोत, आपल्याला काय!" बरोबर होतं. ते वर होते.

माझी ड्युटी सगळ्यात वर, पाण्याच्या टाकीपाशी. तिथून वादी लांबवर दिसते. दुपारी दोनच्या सुमाराला आतल्या डोंगरांवर काळं झालं. आमच्याकडे थेंब नव्हता. मी रेडिओ उचलला.

"टाकी टू गेट. उस्ताद, वरच्या अंगाला पाऊस लागलाय. ओव्हर."

"दिसतंय. कंट्रोलला सांगितलंस? ओव्हर."

"सकाळीच सांगितलं. आत्ताही सांगितलं. ओव्हर."

"मग झालं. आऊट."

थोड्या वेळानं त्यांनी स्वतः कंट्रोल रूमला विचारलं. सगळे संदेश एकाच चॅनलवर असायचे, मला ऐकू येत होते.

"गेट टू कंट्रोल. वादी में पानी का खतरा है. रिलीफ दो, नहीं तो हुकूम दो. ओव्हर."

"गेट, मॅनेजर सर कॉल पे हैं. आज चेक-इन है. गेस्ट की गाडी आएगी तो रोकना पडेगा. वेट करो. इन्शाल्ला पाँच मिनट."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पाऊस आता माझ्या डोक्यावर होता.

"उस्ताद, वर या. सहा नंबर रिकामी आहे."

"शिंद्या, तू काय ऑफिसर लागून गेलास? तुझ्या हुकमानं पोस्ट सोडू?"

"बॅरिअर पाडा आणि या की!"

"पाडलेल्या बॅरिअरला कोण मानतं? हॉर्न वाजवतात, मग उतरून स्वतः उचलतात आणि गाडी आत घालतात. पोरंबाळं असतात त्यांच्यात. इथं माणूस लागतो."

मी कंट्रोलला विचारलं, गाड्या नक्की येताहेत का? कन्फर्म करा. तो म्हणाला, पूछ के बताता हूँ. त्यालाही दोष देत नाही. महिना बाराशे दिरहॅमवर बसलेला माणूस. मॅनेजरला न विचारता त्यानं पंखासुद्धा बंद केला नसता.

मग वळणावरून पाणी आलं. मला वाटलं होतं पाणी पाण्यासारखं येईल. ते भिंतीसारखं आलं, चॉकलेटी, पुढे दगड ढकलत. टिपर रिकामा करावा तसा आवाज. मी बटण दाबून ओरडलो.

"उस्ताद, पाणी आलं! पळा! डावीकडे चढा!"

त्यांचा आवाज चढला नव्हता. "गेट टू कंट्रोल. बॅरिअर डाउन है. गाडी कोई नहीं. रिलीफ भेजो. ओव्हर."

त्यानंतर गेटवरून काही आलं नाही.

मी उतरलो. पायऱ्यांनी नाही, सरळ कड्यानं. खाली पोहोचलो तेव्हा झोपडी नव्हती. बॅरिअरचा लोखंडी खांब वाकून आडवा होता. समोर पाणी. रेडिओवर कंट्रोल म्हणत होता, "गेट, कम इन. गेट, सर पूछ रहे हैं, सब ओके?"

दुसऱ्या दिवशी बचाव पथकाला ते खूप खाली सापडले. युनिफॉर्मची बटणं लावलेली होती.

आता ऐका. त्या दुपारी एकही गाडी येणार नव्हती. इशारा वाजल्यावर लगेच दुबईच्या बुकिंग डेस्कनं येणाऱ्या सगळ्या गेस्टना फोन केले होते. येऊ नका, वादी धोक्याची आहे, तुमचे पैसे परत मिळतील. फार सौजन्यानं केले. दुबईत घरी बसलेल्या माणसालाही त्या वादीची कल्पना देण्यात आली. वादीत उभ्या असलेल्या माणसाला गाड्या येणार नाहीत एवढंही कळवण्यात आलं नाही. त्याला सांगणं कुणाच्या कामात बसत नव्हतं.

मीटिंग झाली. मॅनेजर म्हणाला, "व्हेरी सॅड. लेकिन वो चल के जा सकता था. किसने रोका था?"

मी म्हणालो, "सर, आपने रोका था. चुप रहके."

"शिंदे, इमोशनल मत हो. खलास."

देशमानेकाकूंनीही तेच विचारलं, पण डोळे पुसत. निघताना गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "अहो, पण ते सोडून का नाही आले? साधी नोकरी तर होती."

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर बाकी आहे. आता देतो. संतरी पोस्ट सोडत नाही, कारण मागे एक माणूस असतो ज्याचं कामच त्याची काळजी करणं असतं. तो जागा असतो, नकाशा बघतो, वेळेवर रिलीफ पाठवतो, नाहीतर पोस्ट सोडायचा हुकूम देतो. फौजेतही हे दर वेळी होतं असं मी म्हणणार नाही, मला तिनंच घरी पाठवलंय. पण तिथं ती खुर्ची तरी असते. कंपनीनं संतरी घेतला, त्याच्या टाचा घेतल्या, त्याचं "पोस्ट ठीक" घेऊन रील काढले, आणि ती खुर्ची ठेवलीच नाही. उस्ताद चोवीस वर्षांच्या सवयीनं एका रिकाम्या खुर्चीला हुकूम मागत राहिले. आता आमच्यासारखी हजारो पोरं फौजेतून सुटून याच नोकऱ्यांत येताहेत. शिस्त अंगात भिनलेली, आणि पाठीमागे कुणी नाही. दुबईत अल क्वोजच्या कामगार कॅम्पमध्ये मी हे एकेकाला सांगून पाहिलं. ऐकतात. मान हलवतात. मग म्हणतात, "भाई, व्हिसा?" व्हिसा कंपनीच्या हातात असतो.

गेट पुन्हा उभं राहिलं. त्याच जागी. गाड्यांना वळायला तीच जागा सपाट आहे. नवी झोपडी पहिलीपेक्षा छान आहे, गेस्टना फोटोत चांगली दिसावी म्हणून तिला फोमचा दगड लावलाय.

उस्तादांच्या शवपेटीबरोबर मी त्यांच्या गावी गेलो. बिनपगारी रजा टाकून. जावळीत पावसाळा सोडला तर पाण्यासाठी बाया मैलभर चालतात, त्या गावात लोक मला विचारत होते की वाळवंटात माणूस बुडतो कसा. तालुक्यातले माजी सैनिक मेडल लावून आले. तिरंगा नव्हता. तो ड्युटीवर गेलेल्याला मिळतो, आणि ही ड्युटी नव्हे, असं ठरलं. मुलीनं अग्नी दिला. नर्सिंगचं तिसरं वर्ष आहे तिचं, पुढचं वर्ष कसं होणार ते तिला माहीत नाही, मलाही नाही. मला बाजूला घेऊन तिनं एवढंच विचारलं, "शेवटी बाबा काय बोलले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना यायचं होतं."

होय. यायचं होतं. दोनदा मागितलं त्यांनी.

गावच्या वेशीवर शहिदांचा दगड आहे. त्यावर नाव घालावं म्हणून मी कमिटीकडे गेलो. माणसं भली होती, चहा दिला. म्हणाले, नियमात बसत नाही, परदेशातली प्रायव्हेट नोकरी. कंपनीनं अपघात लिहिलं, गावानं प्रायव्हेट लिहिलं. दगडावर जागा भरपूर आहे, मी पाहिली.

म्हणून इथं लिहितो.

हवालदार शंकर धनावडे. वादीचं गेट, रास अल खैमा. पोस्टवर. रिलीफ आला नाही.