भिंगरी परत आली तेव्हा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर दारात उभं केलेलं नाही. अंगात आलेल्या बाईला भर देवळात "अगं ऊठ, पदर सावर आधी" म्हणणारी मी बाई. तेव्हा म्हातारीला भ्रम झाला असं म्हणायच्या आधी तेवढं ध्यानात घ्या. तुमच्या मासिकातल्या सदरात कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला उलट्या पायांचा माणूस... मला तसलं काहीच दिसलं नाही. जे झालं ते भर दुपारी, स्वच्छ उन्हात झालं, आणि बघायला मी एकटी नव्हते.

जागा शिरोलीचा माळ. पंचगंगेचा पूल ओलांडला की आता जिथं एमआयडीसीतल्या फौंड्र्या धूर ओकत असतात, त्याच्या जरा अलीकडं. तेव्हा तिथं गवत आणि मेंढरं, दुसरं काही नाही. कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं, जर्मनची पहिली लढाई नुकती संपलेली.

माझा थोरला भाऊ, दादा, त्या लढाईत इराकात बसऱ्याला गेला होता. आम्ही शिंपी. विमानाचे पंख तेव्हा कापडाचे असत, हे हल्लीच्या पोरांना सांगितलं तर हसतात. ते पंख शिवायला दादाला नेलं. तिथं एका गोऱ्या साहेबाचा त्याच्यावर जीव जडला, त्यानं चोरून त्याला उडवायलाही शिकवलं. दादा परत आला तो डोक्यात एकच खूळ घेऊन — आपण विमान बांधायचं, आणि मुंबईला विमानांच्या रेसमध्ये उतरवायचं.

पैसा घातला एका जहागीरदारानं. नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं आज मोठ्या खुर्च्यांवर आहेत. आम्ही त्याला सरकार म्हणायचो. त्यानं मुंबईच्या भंगारातून लढाईतलं एक इंजिन आणलं, माळावर पत्र्याची शेड ठोकून दिली, आणि रोज संध्याकाळी घोड्यावरून येऊन "माझं विमान कुठवर आलं?" विचारायला लागला. माझं विमान! त्यानं त्याला कधी साधा खिळा मारला नाही.

विमान बांधलं ते दादाच्या हाताखाली आम्ही चौघांनी. सांगाडा शिवाप्पा सुताराचा. तो सीमेकडचा लिंगायत, मला "तंगी" म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. इंजिन दस्तगीरचाचाचं, तोफेपासून शिवणयंत्रापर्यंत काहीही खोलून जोडणारा फिटर. पंखांचं कापड मी आणि वहिनीनं शिवलं, वर कापड ताठ करणारं वार्निश चढवलं... हल्लीच्या पोरी नखांना लावतात ना, अगदी तोच वास. डोकं भणभणायचं. वहिनी म्हणायची, "माझ्या सवतीला साडी नेसवतोय की आपण!"

नावही तिनंच ठेवलं, भिंगरी. एका माणसापुरतं, बुटकं, पिवळंधमक, फक्त वेगासाठी बांधलेलं. इंजिन एरंडेल प्यायचं. थट्टा नाही, तेच एरंडेल जे आई नाक दाबून पाजायची. दादा खाली उतरला की मिशीला एरंडेल, आणि पुढचा सगळा दिवस परसाकडं फेऱ्या. आम्ही हसून हसून बेजार. तेवढं हसणं मग आमच्या घरात कधी झालं नाही.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. भिंगरीचे पंख तारांनी आवळलेले होते. पाऊस संपून ऊन तापलं की लाकूड वाळायचं आणि तारा सैल पडायच्या. म्हणून उडायच्या आधी दरवेळी दस्तगीरचाचा एकेक तार बोटानं छेडायचा, भजनातला माणूस एकतारी लावतो तसा. आवाज ढिला आला की पाना घेऊन आवळायचा. ते झाल्याशिवाय दादा पाय आत टाकत नसे.

आणि आली खंडेनवमी. शेडमध्ये पाटावर दस्तगीरचाचाचे पाने, शिवाप्पाचा लाकूड तासायचा वाकस, माझी कात्री, सगळं मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. हत्यार पूजेत बसलं की दसऱ्यापर्यंत त्याला हात नाही. दस्तगीरचाचा पाच वेळचा नमाजी, पण कारखान्यातली खंडेनवमी त्यानं कधी मोडली नव्हती. म्हणायचा, "हत्याराला बी एक दिस इसावा पायजे की."

दुपारी सरकार आला. बरोबर पाहुण्यांच्या गाड्या, त्यात दोन गोरे. म्हणाला, "उडवा."

दादा म्हणाला, "सरकार, आज न्हाय. तारा बघितल्या न्हाईत. हत्यारं पूजेत हाईत. उद्या सोनं लुटलं की पहिलं हेच काम."

सरकार पाहुण्यांकडं बघून हसला. "पाना उचलायचा न्हाय म्हंतोस? मग नको उचलू. विमान उचल! लढाईवरनं आलोय म्हणून मिरवतोस, आणि भ्याला व्हय रं?"

बघा आमची अक्कल. कुणालाही पूजेतला पाना उचलवेना, आणि कुणालाही सरकारला नाही म्हणवेना. देवालाही दुखवायचं नाही, सरकारलाही नाही! दस्तगीरचाचानं तारांना नुसतं बोट लावलं, उजवीकडची ढिली वाजली, आणि त्यानं दादाकडं बघून 'नको' म्हणून मान हलवली. दादानं ते बघितलं. तरी बसला.

भिंगरी उठली, माळावर एक वळसा घेतला. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. जोतिबाच्या डोंगराकडं गेली, डोंगराआड झाली... झाली ती झालीच.

आम्ही डोंगर पालथे घातले. जोतिबा, पन्हाळा, पलीकडचं रान, धनगरवाडे. कापडाची चिंधी नाही, लाकडाची ढलपी नाही. शिवाप्पा एकच बोलत राहिला, "माझ्या लाकडाला दोष न्हाय, तंगी." मग तोही गावाकडं निघून गेला.

आणि सरकारनं गावात काय पसरवलं? दादानं विमान चोरलं! गोव्यात उतरवलं, पोर्तुगीजाला विकलं, तिकडं दुसरं घर केलं. का, ते शेंबडं पोरही सांगेल. विमान पडलं म्हटलं तर कुणाच्या हुकमानं उडालं, हे कुणीतरी विचारलं असतं. चोरलं म्हटलं की प्रश्नच मिटला. आणि लोकांना काय, नळावर दोन घटका बोलायला झालं. वहिनी पाण्याला गेली की बायका हंडे बाजूला घ्यायच्या. "चोराचं कुंकू केवढं ठसठशीत लावलंय बघा!" असं तिच्या तोंडावर. ती धड सवाशीण नाही, धड विधवा नाही. नेसरीहून तिचा भाऊ न्यायला आला, तर तिनं त्याला उंबऱ्यावरूनच परत लावला. "ह्यांच्या नावावरचा डाग पुसल्याबिगर मी ह्या घरातनं हलत न्हाय."

महाराज गोरगरिबाचं ऐकून घेतात, हे अख्ख्या मुलखाला ठाऊक. मी म्हटलं, जाऊ या दाद मागायला. वहिनी म्हणाली, "रिकाम्या हातानं जाऊन काय दाखवू? डोंगर?"

वर्ष होत आलं. श्रावण होता, दोन दिवस पावसानं उघडीप दिलेली. सरकारनं शेड मोडायला काढली, तुमची अवजारं घेऊन जा म्हणून निरोप धाडला. मी, वहिनी आणि दस्तगीरचाचा गेलो. सरकार दोन गड्यांना घेऊन आधीच उभा. पुढं माळ ओलाकच्च, गुडघाभर हिरवं गवत, त्यात माणसाचं पाऊल उमटलेलं नाही की गुराचं.

आधी वास आला. जळक्या एरंडेलाचा. मी वहिनीकडं बघितलं, तिनं माझा हात धरला.

मग आवाज. जोतिबाच्या अंगानं, बारीक, मग मोठा, मग कान फुटतील असा. शेडचा पत्रा थरथरायला लागला. सरकारचं घोडं दावं तोडून पळालं. आम्ही आभाळात बघतोय... निळंशार आभाळ, एक घार नाही. आणि त्या आवाजात मधेच तारेची ढिली धडधड, खाटेची सुतळी सुटावी तशी. दस्तगीरचाचानं हवेतच बोट फिरवलं, तार छेडतो तसं. "तीच तार, उजवीकडची," एवढंच म्हणाला.

आणि आमच्यासमोर गवत झोपलं. वाऱ्यानं झोपतं तसं नव्हे. दोन पट्टे, सरळ, माळाच्या टोकापासून आमच्याकडं येणारे. चिखलात चाकोऱ्या उमटत येत होत्या, कुणी ओढावं तशा, आणि मधून शेपटीच्या दांडक्याची बारीक रेघ. दादा नेहमी शेडच्या दारासमोर डावीकडं जरा वळवून थांबवायचा. चाकोऱ्या दारासमोर आल्या, डावीकडं वळल्या आणि थांबल्या. आवाज बंद. गवताच्या पात्यांवर तेलाचे थेंब टपटप पडले. वरून. वर काही नव्हतं.

दस्तगीरचाचानं पाना घेतला, आणि त्या रिकाम्या जागेत जाऊन हात वर केला. तो ओक्साबोक्शी रडत होता. त्याच्या हाताला काही लागलं का, हे त्यानं मला मरेपर्यंत सांगितलं नाही. मी विचारलं की उठून जायचा.

वहिनी रडली नाही. ती सरकारसमोर जाऊन उभी राहिली. पदरसुद्धा ओढला नाही. "सरकार, चोर परत येतो व्हय?"

सरकार एक पाऊल मागं सरला. चेहरा राखेसारखा झालेला. त्यानं बघितलं होतं — हे मी मरतानाही सांगेन — आमच्याएवढंच बघितलं होतं.

तिथंच, त्या चाकोरीत बसून वहिनीनं मनगटं दगडावर आपटली. हिरव्या काचा चिखलात. पदरानं कुंकू पुसलं. मी ओरडले, "वहिनी, अगं काय करतीस!" तर म्हणाली, "ते गेले गं. पर चोर म्हणून न्हाय गेले. माळावर लिवून गेलेत की, आता हे सगळ्यांनी बघू दे. मग मला खुशाल रांडमुंड म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही चार पंच घेऊन गेलो. गल्लीतले, शहाणे, अब्रूदार. पोचलो तर माळावर सरकारच्या बैलांच्या सहा जोड्या. शेडच्या दारापर्यंत अख्खा माळ नांगरून काढलेला, काळीभोर ढेकळं. सरकार खुर्ची टाकून बसला होता, पान खात.

"खुणा? कसल्या खुणा?" गड्यांकडं वळून म्हणाला, "काय रं, तुमी बघितल्या?" दोघांनी माना खाली घातल्या. "न्हाय जी."

मग तो पंचांना म्हणाला, अगदी मायेनं, "नवरा पळाला, बाई भ्रमिष्ट झाली. बघा की, जित्या नवऱ्याच्या बांगड्या फोडून बसलीय!"

पंचांनी वहिनीच्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं. एकजण पुटपुटला, "अशुभ, अशुभ." आणि निघून गेले.

त्या दिवसापासून ती चोराचीही बायको राहिली आणि वर वेडीही ठरली. जित्या नवऱ्याला मारणारी म्हणून कुणाच्या लग्नात तिला बोलावणं नाही, बारशात नाही. तीस वर्षं आमच्या घरात ती शिवणयंत्रावर बसली. परत कुंकू लाव म्हणणारेही होते. ती म्हणायची, "मी बघितलंय ते बघितलंय."

मी ही हकीकत पुढं शिकलेल्या लोकांना सांगितली. एक सायन्सचे प्रोफेसर म्हणाले, वावटळ असणार. वावटळ डावीकडं वळून दारात थांबते होय हो? दुसरे म्हणाले, सामूहिक भास. बरं, भास तर भास. मला स्वतःला आजही काही सांगता येत नाही, आणि ओढूनताणून सांगायचंही नाही. मी एवढंच विचारते, ज्याला भासाची खात्री होती, त्यानं भास नांगरायला सहा जोड्या बैल कशाला लावले?