लाल दोऱ्याच्या बिड्या

फुलचूरची शामकला कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवरा वारल्यापासून बारा वर्षं ती रोज सकाळी पायी गोंदियाला यायची, एका शेठच्या बिडी कारखान्यात साठ बायांच्या ओळीत बसायची आणि दिवस बुडेस्तोवर हजार बिड्या वळून उठायची. मजुरी हजारावर ठरलेली, पण पूर्ण हजाराची कधी हातात पडली नाही. मधे मुनीम हिरालाल होता. तो प्रत्येकीच्या सुपात हात घालून शंभरेक बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. याला छाट म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाटलेल्या बिड्याही परत मिळत नसत.

अडतीस सालच्या पावसाळ्यात एकदा तिचा पांढरा दोरा संपला. कारखान्यात मागून मिळाला नाही, तेव्हा लुगडं शिवायला जवळ ठेवलेल्या लाल दोऱ्याने तिने शेवटच्या दोनशे बिड्या बांधल्या. हिरालालने दोनशेच्या दोनशे छाटीत टाकल्या. चूक आपली, असं तिला वाटलं.

पंधरा दिवसांनी तिचा धाकटा भाऊ बकाराम दवनीवाड्याहून आला. ओसरीवर बसून त्याने बाजारातून आणलेला बिडीचा कट्टा फोडला. वर शेठचं लेबल, आत पंचवीसही बिड्यांना लाल दोरा. शामकलाने कितीला घेतला म्हणून विचारलं. त्याने पूर्ण भाव मोजला होता. सारा प्रकार ऐकल्यावर तो म्हणाला, "बारा वर्सं फुकट वळून राहिली तू त्याच्यासाठी, बाई."

तिने कट्टा पदरात बांधला.

दुसऱ्या दिवशी हिरालालने नेहमीसारखी छाट काढली. शामकलाने तो ढीग आपल्याकडे ओढला आणि एकेक बिडी मोडायला लागली. तंबाखू मांडीवर सांडली. सगळ्या बायांचे हात थांबले.

"ये क्या कर रही बाई? माल शेठ का है," हिरालाल म्हणाला.

"खराब हाये म्हणलं ना तुमी? मंग मोडाले काय हरकत? चांगली असन तं मले पैसे द्या. माल बी तुमचा अन् पैसा बी तुमचा, असं कायले?"

त्याने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती आली. फाटकाबाहेर बसली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला तो लाल दोऱ्याचा कट्टा दाखवला. बाया घाबरल्या होत्या. सुलोचनाबाईच्या घरी महिन्याचं लेकरू होतं आणि कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. पण त्या संध्याकाळी आपली छाट सगळ्यांत आधी मोडली ती तिनेच, आणि तीही बाहेर येऊन शामकलापाशी बसली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुणी गेलं नाही.

अकरा दिवस एक बिडी वळली गेली नाही. घरोघरी पेजेवर भागवलं. बाराव्या दिवशी शेठ स्वतः फाटकाशी आला. माल पाठवायची वेळ टळून चालली होती. शामकलाला त्याने बाजूला बोलावलं आणि तुझी छाट कायमची माफ करतो, म्हणून सांगितलं. ती बाजूला गेलीच नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माह्या एकटीची माफी नोको. साऱ्याइची छाट आमच्या डोळ्यासमोर मोडा, मंग आमी आत येतो."

शेठने चरफडत मान्य केलं. आणि नवल म्हणजे आठवड्याभरात छाट शंभरावरून सात-आठवर आली. मोडायच्याच असतील, तर बिड्या खराब ठरवून कुणाचा फायदा?

मग शामकलाने पुढची गोष्ट मागितली. बाळंतिणीला एक महिना आणि सगळ्यांना पोळ्याचा एक दिवस, पगारी सुटी. यावर शेठ मोठ्याने हसला. पगारी सुटी रेल्वेच्या साहेबांना असते, म्हणाला.

"साहेबाले थकवा येते, अन् आमाले येत नाही काय?"

ते काही मिळालं नाही. मग पोळ्याच्या दिवशी साठही बाया घरी राहिल्या. हिरालालने सगळ्यांचा खाडा मांडला आणि वर एक दिवसाची मजुरी दंड म्हणून कापली. पुढच्या पोळ्याला त्या पुन्हा घरी राहिल्या. पुन्हा दंड झाला. सुलोचनाबाईच्या दुसऱ्या बाळंतपणात मात्र प्रत्येकीने आपल्या वळणीतल्या पंचवीस बिड्या रोज तिच्या नावावर मांडायला लावल्या, आणि हिरालालला ते निमूट लिहावं लागलं.

सेहेचाळीस साली पोळा आठवड्यावर आला होता. हिरालालचे केस पांढरे झाले होते. वही घेऊन तो शामकलाजवळ आला आणि जरा हळूच म्हणाला, यंदा तरी या बाई, नवा शेठ कडक आहे.

शामकलाने हातातली बिडी बांधून संपवली, सुपात टाकली आणि दुसरं पान उचललं.

"आमचा खाडा आताच मांडून ठेवा, मुनीमजी. मंग तुमाले घाई होईन."