मागची सीट अजून बँकेची आहे

माझ्या मामेसासऱ्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या भिवंडीत शोधून सापडायचा नाही. कामतघरला एका लूमवाल्याच्या ऑफिसात ते हिशेब लिहितात आणि तोच हिशेबीपणा घरी घेऊन येतात. कर्जावर गाडी घेतली त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं, "ही अजून आपली नाही हां. हप्ते फिटतील तशी तशी आपली होणार." आधी स्टिअरिंग आपलं झालं, त्याचे पेढे वाटले. मग पुढच्या सीटा, मग दरवाजे. दरवाजे सुटायच्या आधी मी एकदा दार जरा जोरात लावलं, तर केवढ्यांदा ओरडले, "अहो जावईबापू, हळू! तो दरवाजा सुटायचाय अजून!" मागच्या सीटवर तर चपला काढूनच बसायचं. परक्याच्या जागेत चपला घालून कोण जातं, असा त्यांचा सवाल. मामी बिचाऱ्या लग्नकार्याला जातानासुद्धा चपला पिशवीत घालून मागे बसायच्या.

तर अशी ही गाडी मामांनी विकायला काढली. त्यांच्या मुलीला, म्हणजे आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना, काल्हेरला स्वतःचं क्लिनिक टाकायचं होतं. गाळा मिळाला होता, पण डिपॉझिट पाडव्याच्या आत भरलं नाही तर तो दुसऱ्याला जाणार होता. आता घाईचा माणूस काय करेल? मामा येईल त्या गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगायचे, "गाडीवर कर्ज आहे. मागची सीट आणि डिकी अजून बँकेची आहे." गिऱ्हाईक चहा न पिताच उठायचं. मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

एक सुताचा दलाल मात्र बसला. मामांनी सांगितलेल्या भावापेक्षा जास्त द्यायला तयार, तेही रोख. "चाचा, नोटरी करके दे दो. हप्ता मैं भरूंगा, बँक को बताने का ही नहीं."

"और तू नहीं भरा तो? बँकवाला मेरे दरवाजे पे आयेगा, तेरे नहीं," मामा म्हणाले. "आणि जे माझं नाय ते मी विकणार नाय."

दलाल गेला. पाडवा तोंडावर आलेला. मला राग आवरेना. म्हटलं, "मामा, पोरीचा गाळा जाईल हो!" आतल्या खोलीतून मुलगीच म्हणाली, "जाऊ दे गेला तर. बाबांना नका बोलू." मी पुन्हा कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी टेमघरच्या एका शाळेतल्या बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाही प्यायल्या. म्हणाल्या, "मग बँकेतच जाऊ या ना." दोघं बँकेत गेले. बाईंनी उरलेलं कर्ज थेट मामांच्या कर्जखात्यात भरलं. मामांनी तिथल्या तिथे गाडीची चावी काढून त्यांच्या हातात दिली. "कर्ज फिटल्याचा कागद येईपर्यंत गाडी माझ्या दारात, चावी तुमच्याकडे. म्हणजे दोघांना झोप लागेल."

कागद आला तो पाडव्याच्या दोन दिवस आधी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाईंच्या नावावर करायला सह्या व्हायच्या होत्या आणि उरलेले पैसे घेऊन मुलगी तशीच काल्हेर गाठणार होती. कागद आला त्याच संध्याकाळी मामा बाईंच्या दारात उभे, मी सोबत. आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेला माणूस. "बाई, चावी जरा द्याल? एक चक्कर मारून आणतो. आजच्या दिवस... पूर्ण माझी आहे ती."

बाईंनी चावी दिली. घरी येऊन मामांनी काच पुसली, मला पुढे बसवलं आणि मामींसाठी मागचं दार स्वतः उघडलं. मामी सवयीने चपला काढायला वाकल्या.

"राहू दे गं," मामा म्हणाले. "आज सगळी आपली आहे."

मामी तरी चपला काढून, पिशवीत घालूनच आत बसल्या. म्हणाल्या, "उद्या बाईंची व्हायचीय ना? स्वच्छच देऊ."