दाजींच्या कॉम्प्युटरमधले रिस्टोर पॉइंट

रिस्टार्टकाकांचं खरं नाव त्यांच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून ते कॉम्प्युटर उघडून बसू लागले. कुणाचाही फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "एकदा रिस्टार्ट करून बघितलंत का?" निम्म्या तक्रारी तिथेच मिटायच्या आणि उरलेल्या निम्म्यांसाठी ते स्क्रूड्रायव्हरची पिशवी घेऊन निघायचे. त्यांना त्या नावाचा राग नव्हता. उलट थोडा अभिमानच होता.

फक्त त्यांची थोरली बहीण त्यांना अजून छोट्या म्हणायची. छोट्याचं वय एकसष्ट.

ताईचं घर तीन गल्ल्या सोडून होतं. तिचे यजमान, म्हणजे काकांचे दाजी, शाळेत भूगोल शिकवायचे. बोलायला बसले की समोरचा चहा गार होईपर्यंत बोलत. वर्षापूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या रुग्णालयात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक मार्ग सुचवला. ऑपरेशनच्या आधी दाजींनी रोजच्या वापरातले शब्द आणि वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर कॉम्प्युटरवर वाक्य निवडलं की ते त्यांच्याच आवाजात ऐकू येईल.

दाजी तीन आठवडे रोज माइकसमोर बसले. ताई वहीतून वाक्यं वाचायची आणि दाजी ती म्हणायचे. "पाणी दे." "पंखा कमी कर." "पेपर आला का?" "हे मला पटत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी चार वेगवेगळ्या सुरांत करून घेतलं, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते सगळ्यात जास्त लागणार होतं.

ऑपरेशन झालं. दाजी वाचले. जेवणाच्या टेबलाशेजारच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवरून दाजींचा आवाज घरात पुन्हा फिरू लागला. थोडा तुटक यायचा, पण त्यांचाच होता. या सगळ्याची एक प्रत काढून ठेव, असं ताईने भावाला दोनदा सांगितलं होतं. काकांचं पेनड्राइव्ह आणायचं राहून गेलं होतं.

मग एका रविवारी सकाळी दाजींनी कॉम्प्युटरवरून तक्रार केली, "फार हळू चालतो." काका लगेच सरसावले. त्यांनी इंटरनेटवरून एक सफाईचा प्रोग्राम उतरवला. पडद्यावर नकोशा नोंदींची आणि तात्पुरत्या फायलींची लांबलचक यादी आली. काकांनी ती वाचली नाही. "बघा आता कसा पळतो," म्हणाले आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. पण दाजींचा बोलण्याचा प्रोग्राम उघडेना. परवाना सापडत नाही, एवढंच तो सांगत होता. सफाईत त्याची नोंद निघून गेली होती आणि प्रोग्राम बनवणारी कंपनी मधल्या वर्षभरात बंद पडली होती.

"घाबरायचं काही नाही," काका ताईला म्हणाले. "कॉम्प्युटर अधूनमधून स्वतःची स्थिती टिपून ठेवतो. त्याला रिस्टोर पॉइंट म्हणतात. आपण त्याला परवाच्या तारखेवर परत नेऊ. नोंदीही परत येतील."

त्यांनी सिस्टीम रिस्टोर उघडलं. तारखांची यादी रिकामी होती. या कॉम्प्युटरवर एकही रिस्टोर पॉइंट नाही, असं लिहून आलं. काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ते काम करणारी सेवा चालू आहे का ते पाहिलं. ती चालू होती. डिस्कवर जागा आहे का ते पाहिलं. भरपूर होती. मग त्यांनी संरक्षणाच्या सेटिंगचं पान उघडलं. मुख्य डिस्कच्या नावासमोर लिहिलं होतं, बंद.

आणि त्यांना सगळं आठवलं.

दाजींचं दुखणं निघण्याच्याही आधी, दोन वर्षांपूर्वी, याच खुर्चीत बसून त्यांनी ते बंद केलं होतं. तेव्हा डिस्क भरल्याची लाल पट्टी सारखी येत होती. रिस्टोर पॉइंटांनीच बरीच जागा अडवली होती. काकांनी होते तेवढे सगळे पॉइंट पुसले आणि पुन्हा बनू नयेत म्हणून संरक्षणच बंद करून टाकलं. दाजी शेजारी बसून पेरू खात होते. "काय पुसलंस रे?" त्यांनी विचारलं होतं. तेव्हा त्यांना आवाज होता. "कचरा होता," काका म्हणाले होते.

"काय झालं रे छोट्या? गप्प का झालास?" ताईने विचारलं.

काकांच्या तोंडून निघालं, "जुन्या मशीनवर असं होतं. जागा कमी पडली की पॉइंट आपोआप पुसले जातात."

वाक्य तसं खरं होतं. जागा कमी पडली की पॉइंट पुसले जातात. पण इथे ते तसे पुसले गेलेच नव्हते.

ताई वळली ती थेट नवऱ्याकडे. "तरी मी सांगत होते. ते सगळ्या जगाचे नकाशे आणि शंभर माहितीपट कशाला भरून ठेवलेत? बसायला जागा ठेवली नाहीत त्याला."

दाजींनी आधी ताईकडे पाहिलं, मग काकांकडे. टेबलावरची पाटी ओढून त्यांनी लिहिलं, "असेल माझंच."

काका मान खाली घालून वायरी गुंडाळत राहिले.

पुढचे चार दिवस ते रोज ताईकडे गेले. काहीतरी करतोय असं दिसायला हवं होतं. त्यांनी तो प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. एकदा नाही, चार वेळा. दर वेळी तो परवाना मागायचा. दाजी पाटीवर लिहायचे आणि ताई चष्मा शोधून ती वाचायची. ती स्वयंपाकघरात असली की दाजी चमच्याने टेबल वाजवायचे. एकदा ताई वैतागून म्हणाली, "अहो, वाजवू नका सारखं, येतेय मी." दाजींनी चमचा खाली ठेवला आणि मग सबंध संध्याकाळ उचलला नाही.

घरी काकांना एक जुनी गोष्ट सारखी आठवू लागली. नोकरीत असताना एका मेकॅनिकने लिफ्टचा सेफ्टी स्विच तारेने बांधून निकामी करून ठेवला होता. लिफ्ट सारखी अडकते, लोक ओरडतात, असं त्याचं म्हणणं होतं. काकांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं आणि त्याच दिवशी कामावरून काढायला लावलं. तो माणूस हात जोडून उभा होता. लिफ्ट कुणाच्या अंगावर आली नव्हती, कुणाला खरचटलंही नव्हतं. आता तोच चेहरा दाढी करताना आरशात दिसायचा.

चौथ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ते ताईकडे गेले तेव्हा ती बँकेत गेली होती. दाजी एकटेच खिडकीपाशी होते. काका समोर बसले. पिशवी उघडली नाही.

"दाजी, ते रिस्टोर पॉइंट आपोआप नाही गेले. मी पुसले होते. दोन वर्षांपूर्वी. आणि त्या दिवशी ताई तुम्हाला बोलली तेव्हा मी गप्प बसलो."

दाजींनी पाटी घेतली. सावकाश लिहिलं, "मला आठवत होतं. मी पेरू खात होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" काका म्हणून गेले आणि जीभ चावली.

दाजींचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज नव्हता, गळ्याजवळच्या छिद्रातून नुसती हवा फुसफुसत होती. हसता हसता डोळे पुसून त्यांनी लिहिलं, "तू कधी सांगतोस ते बघत होतो." मग ते पुसून खाली लिहिलं, "ताईला तू सांग. मी लिहिणार नाही."

ताई आल्यावर काकांनी उभ्या उभ्या सांगितलं. तिने पर्स खुंटीला लावली. पायपुसण्यावर पाय पुसले.

"चुकून पुसलंस ते राहू दे," ती शेवटी म्हणाली. "चार दिवस मी या माणसाला टोचून बोलतेय. त्यांना उलट उत्तर देता येत नाही, हे तुला माहीत होतं."

"हो," काका म्हणाले.

तिने त्यांना चहा विचारला नाही. रुग्णालयातल्या बाईंना मात्र लगेच फोन लावला आणि काय काय झालं ते भावालाच बोलायला लावलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो प्रोग्राम मूळ रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. ते शिल्लक असेल. फायलींना नावं नसतील, नुसते आकडे असतील, कुठलं वाक्य कुठे ते कळणार नाही. पण एक सांगा, रेकॉर्डिंगची शेवटची बैठक तुम्ही पक्की जतन केली होती ना? नाहीतर ती तात्पुरत्या फायलींत असायची."

काकांनी फोल्डर शोधला. एक हजार एकशे अडतीस फायली होत्या, सगळ्या नुसत्या आकड्यांच्या. त्यातली एक लावली. दाजींचा आवाज आला, "पेपर आला का?" ताई पदराने तोंड झाकून आत गेली.

शेवटची बैठक त्यांत नव्हती. ती सफाईत गेली होती. रुग्णालयात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दाजींनी घरातल्या माणसांची नावं रेकॉर्ड केली होती, एकेक नाव, एकेक हाक. काकांनी पुसलेल्या फायली परत काढायचा प्रोग्राम आणला. तीन तुकडे मिळाले. दोनांत नुसती खरखर होती, तिसऱ्यात अर्धवट श्वास.

"त्याच दिवशी मशीन बंद ठेवून मला फोन केला असता, तर बऱ्याच परत मिळाल्या असत्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही मधे काही नवीन टाकलंत का त्यावर? नवीन काही टाकलं की ते पुसलेल्या फायलींच्या जागी बसतं."

चार वेळा टाकलं होतं. काकांनी तेही सांगितलं. आता लपवायचं त्राण नव्हतं.

मग काकांनी वही घेतली आणि एक नंबरपासून सुरुवात केली. फाईल ऐकायची, वाक्य लिहायचं, फाईलला तेच नाव द्यायचं. रोज सकाळी नऊ ते एक, कानाला हेडफोन लावून, दाजींच्या टेबलापाशी. बाहेरची कामं त्यांनी घ्यायची बंद केली. लोक फोन करायचे, तर ते रिस्टार्टचंसुद्धा विचारत नसत. सध्या जमणार नाही, एवढंच म्हणायचे. पहिले आठ-नऊ दिवस ताई त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. दहाव्या दिवशी तिने न विचारता चहा आणून ठेवला. त्यात साखर घालायला विसरली होती. काका तो तसाच प्याले.

त्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये वाक्यांखेरीज पुष्कळ काही होतं. खाकरणं, खुर्ची सरकवणं, ताईचं "पुन्हा म्हणा, ट्रकचा आवाज आला". सहाशे बाराव्या फाईलमध्ये दाजी "दार लावून घे" म्हणाले आणि नंतर माइक चालूच राहिला. बराच वेळ शांतता. मग दाजी हळूच म्हणाले, "भीती वाटते गं मला."

काकांनी हेडफोन काढला. दाजी समोर नकाशांचं पुस्तक चाळत होते. हे आपण ऐकायला नको होतं, असं काकांना वाटलं. आणि मन लगेच म्हणालं, नाव देऊन पुढे जा, कुणाला कळतंय. त्या मनाची आता त्यांना ओळख झाली होती. त्यांनी हेडफोन दाजींच्या कानाला लावला.

दाजींनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग चमच्याने टेबल वाजवून ताईला बोलावलं आणि हेडफोन तिच्याकडे दिला.

ताईने ओल्या हातांनी तो कानाशी धरला. ऐकून झाल्यावर म्हणाली, "माहितीये मला. मी समोरच बसले होते. नंतर आम्ही पत्ते खेळलो." तिने हेडफोन भावाला परत केला. "राहू दे ती. पुसू नकोस."

काम संपायला पाच आठवडे लागले. बाईंनी एका टॅबलेटवर साधा प्रोग्राम बसवून दिला आणि सगळी वाक्यं त्यात भरली. काकांनी त्यांच्या तीन प्रती काढल्या. एक ताईकडे, एक बाईंकडे आणि एक स्वतःच्या कपाटात. दाजी पुन्हा बोलू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी "हे मला पटत नाही" चारही सुरांत लावून दाखवलं, तेव्हा ताईही हसली.

काका पुन्हा घरोघरी जायला लागले. पण हल्ली ते हात लावण्याआधी माणसाला शेजारी बसवतात, काय करणार आहेत ते सांगतात आणि प्रत काढल्याशिवाय एक फाईल हलवत नाहीत. लोक कंटाळतात. वय झालं काकांचं, म्हणतात.

गुरुवारी ते ताईकडे जातात. दाजी टॅबलेटवर "ये, बस" लावतात आणि गप्पा होतात. मग दाजींना काही हवं असतं. ते यादीत बोट फिरवतात, थोडे थांबतात, आणि टॅबलेटमधून त्यांचा आवाज येतो, "ऐकतेस का?" लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. इतकी वर्षं ते तिला नावाने हाक मारत होते. ताई आतून "आले" म्हणते आणि येते. काका खिडकीबाहेर बघत बसतात.